कागदात नसलेला मुक्काम

४ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं! बोटीनेच जायचं, बर्फाकडेच जायचं आणि विहीणबाईंबरोबरच जायचं. आता कुठल्या वाटेने, एवढंच उरलंय — आणि तेवढ्यावरूनच घरात रणकंदन.

फेऱ्या दोन आहेत. एक गोल. ज्या बंदरातून निघायचं, सात रात्रींनी त्याच बंदरात परत. मध्ये हिमनद्या, देवमासे, दोन-तीन लहान गावं. दुसरी सरळ. तीही सात रात्रींचीच, पण पार वर, उत्तरेच्या बंदरात उतरवून देतात. मग हवी तर तिथून जमिनीवरची सहल जोडायची. काचेच्या छपराची आगगाडी, डोंगर, लाकडाच्या घरात मुक्काम.

चिरंजीव म्हणतात, गोल. "आई, बॅग एकदाच उघडायची, एकदाच बंद करायची. तुझे गुडघे नवीन आहेत." अरे, नवीन आहेत म्हणूनच ना! नवीन चपला काय कपाटात ठेवायला आणतात?

विहीणबाई म्हणतात, सरळ. आणि पुढची जमीन हवीच. बाई आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिका. त्यांनी "हवीच" म्हटलं की घंटा झाली समजायचं.

मला विचाराल तर मला बर्फ बघायचाय. आमचे हे आणि मी, दोघांनी मिळून बर्फाचा कारखाना चालवला. लाद्या पाडल्या, भुशात गाडल्या, गोणपाटात गुंडाळून गिऱ्हाइकाकडे पाठवल्या. पोचेपर्यंत पाऊण लादी, आणि शिव्या मात्र अख्ख्या. आता असा बर्फ बघायचाय जो कोणी गोठवला नाही, आणि वितळला तर कोणी मला बोलणार नाही!

लोकांना आमच्या जोडीचं नवल वाटतं. मुलामुलीचं मोडलं, सूनबाई नातीला घेऊन लांब थंड मुलखात नोकरीला गेली, तरी या दोघी एका खोलीत राहणार? खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर तोंडावर विचारलं, "अजून विहीणच म्हणता होय?" म्हटलं, कोर्टाने त्या दोघांना वेगळं केलं. आम्हा दोघींचा खटला अजून कोणी लावलाच नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अक्षर मला ओळखत नाही आणि मी अक्षराला. नात जाताना मोबाइलमध्ये शिकवून गेली — "आजी, हे दाब आणि बोल. तो लिहील." म्हणून ही रोजनिशी. लिहिलेलं मला वाचता येत नाही. इतकी सुरक्षित वही कोणाची नसेल, मालकिणीलासुद्धा चोरून वाचता येत नाही!

पण कागदाशी वागायची माझी एक रीत आहे. कारखान्यापासूनची. कुठलाही कागद दोघांकडून वाचून घ्यायचा. एकाकडून आज, दुसऱ्याकडून उद्या. एकाला दुसऱ्याचं कळू द्यायचं नाही. जुळलं तर कागद खरा. नाही जुळलं तर कागदाला दोष द्यायचा नाही, वाचणाऱ्याकडे बघायचं.

आज पहिलं वाचन. विहीणबाई आल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, पाठ ताठ. सहलीचं पुस्तक अशा वाचतात की पूर्णविरामाला मला हात बांधून उभं राहावंसं वाटतं. बोटीचं वाचलं. खोल्या, जेवणं, हिमनदीपाशी बोट अर्धा दिवस नुसती उभी राहते ते. मग जमिनीचं. आगगाडीने डोंगराच्या पायथ्याशी. तिथे दोन रात्री. अस्वलं दिसतात — "नशीब असेल तर," असं वाचलं. म्हटलं, नशीब अस्वलाचं का आपलं? हसल्या नाहीत. पुढे वाचलं, "त्यानंतर गाडीने मोठ्या नदीकाठच्या गावी. दोन रात्री मुक्काम. गाव शांत आहे. तिथून विमानाने परत."

"गाव शांत आहे" हे जरा हळू वाचलं.

चहा अर्धा ठेवून गेल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुसरं वाचन. कोपऱ्यावरचा औषधवाला. हा कुठलाही मजकूर गोळीसारखा वाचतो. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर. बोट संपवली, आगगाडी संपवली, डोंगर, दोन रात्री, अस्वलं. "तिथून बसने बंदरावर परत, विमान. संपलं, आजी."

म्हटलं, आणि नदीकाठचं गाव?

"कुठलं गाव?"

नीट बघ, दोन रात्री मुक्काम. शांत आहे.

त्याने पान उलटलं, पुन्हा उलटलं. मागचं, पुढचं. "आजी, इथे नदी नाही, गाव नाही. शांत तर काहीच नाही. शेवटी फक्त अटी आहेत."

घरी येईपर्यंत मला कळलं होतं. मोठ्या नदीकाठचं गाव मला ठाऊक आहे. नातीने खिडकीतून फोनवर दाखवलंय — गोठलेली नदी, आणि तिच्यावरून सरळ मोटारी चाललेल्या. "आजी, तुमच्या कारखान्यात एवढी लादी होती का?" असं विचारत होती कार्टी. सूनबाई तिथेच आहे. गोठलेल्या जमिनीवर रस्ते का खचतात, ते तपासायची नोकरी.

विहीणबाईंनी छापील कागदात गाव घुसवलं! जन्मभर पोरांना "जे छापलंय तेच वाचा" म्हणून दटावणाऱ्या बाईने!

९ फेब्रुवारी, रविवार

रविवारचा फोन. नात आता उंच झालीय, केस कापलेत मानेपर्यंत. पुढचे दातही आले, जरा मोठेच आले, सशासारखे. मागून सूनबाईचा आवाज, "आई, गुडघे काय म्हणतात?" म्हटलं, बोटीवर जायचं म्हणतात. हसली. ती अजून मला आईच म्हणते. मीही अजून सूनबाईच म्हणते. दोघींनी बदलायचं ठरवलंच नाही कधी.

आणि विहीणबाई परवा मला सांगत होत्या, "परवाच बोलणं झालं हो. नातीचे पुढचे दोन्ही दात पडलेत. वेण्या घालते दोन, लांबसडक."

दात येऊन जुने झाले, आणि यांच्याकडे अजून पडतायत!

मी काही बोलले नव्हते तेव्हा. आता सगळं जुळतंय. या बाईला फोन येत नाही. महिनोन् महिने येत नाही. माझ्याकडे दर रविवारी येतो, आणि त्या दर सोमवारी "सहज" चहाला येतात. ताकाला येतात आणि भांडं लपवतात!

१२ फेब्रुवारी, बुधवार

मजा केली जरा. देवा, माफ कर.

विहीणबाईंना म्हटलं, माझ्या डोक्यात राहिलं नाही, जमिनीचं तेवढं परत वाचा. चष्मा नाकावर. आगगाडी. डोंगर. अस्वलं. "नदीकाठच्या गावी तीन रात्री मुक्काम."

परवा दोन होत्या!

म्हटलं, विहीणबाई, आणखी एकदा वाचलंत तर आपल्याला तिथे घर बांधावं लागेल.

पुस्तक खाली ठेवलं त्यांनी. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं उठतील आणि चालू लागतील, त्यांची तशी सवय आहे. पण बसल्या.

"कुणी सांगितलं?"

औषधवाल्याने. तो खोटं वाचत नाही. त्याला तेवढा वेळच नसतो.

मग बोलल्या. घरी मोडल्याचं सांगायला लेक आली होती, नातीचा हात धरून. यांनी दारातच विचारलं, "दिल्या घरी राहता येत नाही, तर इथे कशाला आलीस?" एवढंच. मागे शेजारी उभे होते म्हणे, त्यांना ऐकू जावं म्हणून आवाज जरा चढवला. लेक चप्पल न काढताच वळली. त्यानंतर फोन उचलत नाही.

"शाळेत मी कधी एका पोराला वर्गाबाहेर काढलं नाही," म्हणाल्या. "एकालाही नाही."

मी काही सुचलं नाही की चहा टाकते. दोनदा टाकला.

शेवटी म्हटलं, मग मला सरळ सांगायचं ना, मला लेकीकडे जायचंय. तर म्हणाल्या, "तुम्ही मुलाच्या आई. तुम्ही कशाला याल?"

अहो, पण मी नातीची आजी आहे! ते खातं वेगळं!

१५ फेब्रुवारी, शनिवार

सहलवाल्यांच्या कचेरीत. काउंटरवरची मुलगी चुणचुणीत. नकाशावर बोट ठेवून सांगते — मला आवडलं, नकाशा मला तिच्याइतकाच वाचता येतो, त्यात अक्षरांचं काय अडतं?

सरळ फेरीच घ्यायची, हे दहा मिनिटांत ठरलं. गोल फेरीत तुम्ही फिरून परत आपल्याच बंदरात. म्हटलं, तेवढं तर मी रोज देवळाभोवती फिरते.

मग मी विचारलं, जमिनीच्या सहलीला एक गाव वाढवता येतं का? मोठ्या नदीकाठचं. मुलीने नकाशावर बोट सरकवलं, तीच आगगाडी पुढे जाते म्हणाली, डोंगरापासून आणखी अर्धा दिवस. तिथून परतीचं विमानही आहे. "पण आजी, तिथे बघायला काही नाही."

विहीणबाई म्हणाल्या, "आहे."

बाकीचं पटापट. महिना जून — मे महिन्यात नातीची शाळा असते, जुलैत तिथे डास म्हणे चिमणीएवढे. खोली बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर. तिथे हेलकावे कमी. विहीणबाईंना गच्ची हवी होती. म्हटलं, थंडीत गच्चीत उभं राहून शिंकायचं कोणी? बाहेर डेक आहे की, सगळ्यांचा.

अडलं एकाच गोष्टीवर. जमीन आधी का समुद्र आधी? दोन्ही होतं. वर विमानाने जाऊन आगगाडीने खाली यायचं आणि मग बोट, किंवा उलटं. मुलगी म्हणाली, वयस्कर मंडळी जमीन आधी घेतात. दगदग आधी उरकते, मग बोटीवर आराम.

विहीणबाई चटकन, "जमीन आधी."

मी म्हटलं, समुद्र आधी.

"का?"

घरी सांगते, म्हटलं. कचेरीत तमाशा नको.

१६ फेब्रुवारी, रविवार

फोनवर नातीला येणार म्हणून सांगितलं. ती पलंगावर उड्या मारायला लागली. "आजी, तू बर्फावरून घसरशील!" अगं, जूनमध्ये बर्फ कुठला? "मग चिखलावरून घसरशील!" घसरणं पक्कं आहे एकूण.

दुसरी आजीही येणार, हे सांगितलं नाही. आधी तिच्या आईशी बोलायला हवं, आणि सूनबाई कामावर होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

विहीणबाईंना कारण सांगितलं. जमीन आधी घेतली आणि तिथे बिनसलं, तर पुढे सात रात्री एका खोलीत रडकी विहीण! समुद्रात उडी मारायची पाळी माझ्यावर. आणि नाही बिनसलं, तर तुम्ही बोटीवर चढणारच नाही. मला एकटीने हिमनदी बघावी लागेल.

पहिल्यांदा हसल्या. पार खळखळून. दात चांगले आहेत बाईचे.

समुद्र आधी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चिरंजीवांना सांगितलं. जेवताना सांगितलं, म्हणजे उठून जाता येत नाही.

"तिथे जाऊन काय करणार, आई?"

नात बघणार.

"ते ठीक आहे. पण तू मध्ये पडू नकोस."

मी कुठे मध्ये पडतेय? तुमच्या दोघांच्या मध्ये आता जागाच एवढी आहे की पडले तरी कोणाला लागणार नाही.

पोरगा वाईट नाही. दोघं भांडलेही नाहीत कधी मोठ्याने, हीच तर गंमत. एखाद्या विहिरीचं पाणी आटतं तसं झालं. मी म्हटलं, तू नवरा राहिला नाहीस, ते तुमचं तुम्ही ठरवलंत. मी सासू राहायचं का नाही, हे मला कोणी विचारलंय?

"लोक —"

लोक बोटीचं तिकीट काढून येणार आहेत का मागे?

रात्रीची भांडी त्याने घासली. मग म्हणाला, "तिकडे हातमोजे चांगले मिळतात. इथून नेऊ नकोस." झालं. एवढ्यात समजून घ्यायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सूनबाईशी बोलले. नातीला खोलीबाहेर पाठवायला सांगितलं.

सगळं सांगितलं — बोट, मग आगगाडी, मग तुझं गाव. ती खूश. "आई, तुम्ही माझ्याकडेच उतरायचं, हॉटेल नको. पलंग आहे, हीटर आहे." मग म्हटलं, बरोबर विहीणबाई आहेत.

फोनवर चेहरा दिसत होता, पण तो दुसरीकडे बघत होता.

"आई, तुम्ही या. कधीही या. तिला आणू नका."

मी म्हटलं, बरं.

काय म्हणणार होते? आईच्या दारात तिला ते वाक्य ऐकावं लागलं होतं, मला नाही. चप्पल न काढता वळली ती पोर. माझ्याकडे आली असती तर — पण माझ्याकडे कशी येणार, माझ्या घरातूनच तर निघाली होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

विहीणबाई चहाला आल्या. लपवून ठेवायचा माझा स्वभाव नाही. आणि बोटीवर चढल्यावर सांगितलं तर ती फसवणूक. सांगितलं, जसंच्या तसं.

कप खाली ठेवला. सांडला नाही.

म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्या स्टेशनात बाक असेल ना? मी बाकावर बसते. तुम्ही जाऊन या. परत आल्यावर सांगा मला, कशी दिसते. बारीक झाली असेल. कामाचं तिला भान नसतं."

तीन दिवस बाकावर बसणार आहात का?

"बसेन. मला सवय आहे. परीक्षांच्या वेळी मी दिवसच्या दिवस खुर्चीत बसायची."

आणि मग आम्ही दोघी भांडलो! चांगलं कडकडून! मी म्हटलं, तुम्ही बाकावर बसणार असाल तर मी येतच नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही आला नाहीत तर मी एकटी जाईन आणि बाकावरच बसेन. म्हटलं, थंडीने मराल. म्हणाल्या, जूनमध्ये कोणी मरत नाही. माझ्या चपला पायात घालून रागाने निघून गेल्या. त्यांच्या इथेच आहेत. घट्ट होतात मला.

पण तिकिटं मी रद्द करणार नाही. दोघींचीही नाही. बोट कोणाच्या रागासाठी थांबत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रविवारपर्यंत थांबायला जमलं नाही. मीच फोन लावला. सूनबाई कामाच्या जागी, अंगावर जाड कोट, मागे नुसतं पांढरं.

म्हटलं, तू सांगितलंस ते तुझ्या आईला पोचवलं. त्या म्हणाल्या, तिचं बरोबर आहे. मी काही तुला आग्रह करायला फोन केला नाही. एक गंमत सांगायला केलाय. ऐकायची असेल तर ऐक.

"सांगा."

म्हटलं, तुझ्या आईने मला सहलीचं पुस्तक वाचून दाखवलं. तुझं गाव त्यात नाहीच. त्यांनी ते वाचलं.

"म्हणजे?"

म्हणजे जे छापलेलं नव्हतं ते वाचलं. मला वाचता येत नाही म्हणून. एकदा दोन रात्रींचा मुक्काम वाचला, पुढच्या खेपेला तीन रात्रींचा. मी पकडलं नसतं तर तिसऱ्यांदा तुझ्याकडे वर्षभर राहायला गेलो असतो.

"कोण? माझी आई?" तिचा आवाजच बदलला. "आई, ती मला स्वल्पविराम चुकला तर कोपऱ्यात उभं करायची. आजारी होते मी एकदा, तापात धडा वाचत होते, एक ओळ गाळली तर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला. ती — ती खोटं वाचली?"

डोळ्यांत बघून वाचली. आवाज हळू करून. "गाव शांत आहे" असंही वाचलं.

मागे कोणीतरी तिला हाक मारली. तिने हाताने "थांब" अशी खूण केली, त्याला का मला ते कळलं नाही. मग म्हणाली, "गाव काही शांत नाही. दिवसभर ट्रक असतात." आणि फोन बंद.

मी काही बोलले नाही, हे लिहून ठेव रे बाबा. मी फक्त गंमत सांगितली.

२ मार्च, रविवार

फोन नातीचा नव्हता. सूनबाईचा. भल्या सकाळी, चहाच्या आधी.

"आई, तिच्या पायाचा नंबर काय? इथे जूनमध्येही चिखल असतो, तिकडचे बूट चालत नाहीत."

कोणाच्या, असं मी विचारलंच नाही. मागोमाग विहीणबाईंना फोन लावला. अजून रागावलेल्याच होत्या. म्हटलं, पाय मोजा. आत्ता! कशाला ते विचारू नका!